कुलूप माझं, गुपित कुणाचं?

"कुलूप सज्जनांसाठी असतं, चोरांसाठी नव्हे" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. अर्थ उघड आहे. ज्याला चोरीच करायची आहे तो कोयंडा उचकटेल, खिडकीची काच फोडेल, कौलं काढून आत उतरेल. कुलूप अडवतं ते फक्त दार उघडं दिसलं तर ज्याला क्षणभर मोह पडला असता त्याला. म्हणजे जगात माणसं दोनच प्रकारची, सज्जन आणि चोर, आणि कुलूप मधे.

पण या हिशेबात एका तिसऱ्या माणसाची सोयच केलेली नाही. तो चोर नाही. दारापलीकडे काय ठेवलंय याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. त्याला रस आहे तो कुलपातच. किल्ली नसताना हे उघडेल कसं, एवढाच त्याचा प्रश्न. उघडलं की तो खूश होतो आणि पुन्हा बंद करून ठेवतो. हा माणूस सज्जनांत धरायचा की चोरांत?

प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण गेली आठ-नऊ वर्षं तो तिसरा माणूस मी आहे. आमच्या बेसमेंटमध्ये एका टेबलावर शे-सव्वाशे कुलपं पडलेली असतात. सौ. त्याला 'भंगार' म्हणते, मी 'संग्रह' म्हणतो. इंग्रजीत या छंदाला लॉकपिकिंग म्हणतात आणि तो करणारे जगभर पसरलेले आहेत. जर्मनीत १९९७ सालापासून अशा हौशी लोकांची रीतसर नोंदलेली संस्था आहे, नेदरलँड्समध्ये आहे, इथं अमेरिकेतही आहे. त्यांच्या स्पर्धा होतात, मेळावे होतात. आपल्याकडे शब्दकोडी सोडवणारे जसे रविवारच्या पुरवणीची वाट बघतात, तसे हे लोक पोस्टमनची वाट बघतात.

पोस्टमनची का? तर कुलपांसाठी. एक कुलूप उघडायला जमलं की त्यातली मजा बरीचशी संपते, मग दुसरं हवं. नवीन चांगली कुलपं महाग पडतात. म्हणून हौशी लोक जुनी घेतात. कुलूपवाल्यांनी दुरुस्तीत काढून टाकलेली, पाडलेल्या इमारतींतली, गराज सेलमधली, आणि सर्वांत जास्त म्हणजे ऑनलाइन लिलावात डझनावारी विकली जाणारी. 'किल्ल्या नाहीत, सरावासाठी' असं खाली लिहिलेलं असतं. आणि आपलं उघडून झालं की ती दुसऱ्याला पाठवायची. आपण दिवाळी अंक या घरातून त्या घरात फिरवतो ना, अगदी तसं. एक खोकं निघतं, ज्याच्याकडे पोचेल तो त्यातली चार कुलपं काढतो, आपली चार घालतो आणि पुढे धाडतो.

या मंडळींचे दोनच नियम आहेत आणि ते नवख्याला पहिल्या दिवशी सांगितले जातात. एक, जे कुलूप तुमचं नाही त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दोन, जे कुलूप वापरात आहे, ज्याच्यावर कुणी विसंबून आहे, त्यावर सराव करायचा नाही, मग ते तुमच्या स्वतःच्या दाराचं का असेना. नियम सुटसुटीत आहेत. बरीच वर्षं मला वाटायचं की नीतीचा प्रश्न एवढ्यावर मिटला. वापरातून काढलेलं जुनं कुलूप पैसे मोजून विकत घेतलं की दोन्ही नियम आपोआप पाळले जातात. मग वादाला जागा कुठे उरली?

ती कुठे उरते हे सांगण्याआधी कुलपाच्या आत थोडं डोकवायला हवं. आपल्या इथल्या घरांच्या दारांना जी कुलपं असतात ती बहुतेक लायनस येल (धाकटे) यांच्या घराण्यातली. त्यांची पेटंटं १८६१ आणि १८६५ सालची, पण मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी. आत एक फिरणारा दांडा असतो. त्याच्यावर पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांना खाली दाबणारी स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक पिनेला नेमक्या उंचीवर उचलतात, दोन पिनांमधली फट दांड्याच्या कडेशी जुळते आणि दांडा फिरतो. कागदावर ही सगळी भोकं एका सरळ रेषेत असतात. प्रत्यक्षात कुठल्याही कारखान्यात ती केसभरही न चुकता एका रेषेत पडत नाहीत. म्हणून दांड्याला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एक अडकते. ती उचलून बसवली की दुसरी अडकते. कारखान्यातल्या त्या केसभर फरकावर हा सगळा खेळ चालतो. बोटांना ते जाणवायला महिने लागतात, पण जाणवलं की होणारा आनंद तबल्यावर पहिल्यांदा बोल नीट वाजल्यासारखा असतो.

आता ही विद्या चांगली की वाईट, हा वाद आजचा नाही. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला होता. त्यानं चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप साधारण पंचवीस मिनिटांत किल्लीविना उघडून दाखवलं. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. हे कुलूप पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं टांगलेलं होतं आणि उघडणाऱ्याला दोनशे गिनींचं बक्षीस लावलेलं होतं. हॉब्जनं ते सोळा दिवसांच्या अवधीत सुमारे ५१ तास खपून उघडलं. इंग्लंडात खळबळ उडाली. काहींनी विचारलं की असल्या गोष्टी चारचौघांत दाखवाव्यात का, चोरांना आयतंच शिक्षण मिळेल. हॉब्जच्या माहितीवर आधारलेलं एक पुस्तक १८५३ साली निघालं, त्यात याला दिलेलं उत्तर आजही हौशी लोक पुढे करतात. त्याचा मथितार्थ असा, की चोर आपल्या धंद्यात तुमच्याआमच्यापेक्षा फार पुढे गेलेले आहेत. कुलूप कच्चं असेल तर ते प्रामाणिक माणसाला कळण्यातच त्याचं हित आहे.

मला हे उत्तर पटतं. २००४ साली इथं सायकलींची महागडी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीनं उघडतात हे जगजाहीर झालं, तेव्हा कंपनीला ती बदलून द्यावी लागली. गुपचूप राहिलं असतं तर सायकली चोरीला जात राहिल्या असत्या आणि दोष मालकाच्या निष्काळजीपणाला लागला असता.

पण हे उत्तर पुरेसं नाही, हे मला एका खोक्यानं शिकवलं.

तीन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बारा सिलिंडरांचं एक खोकं चाळीस डॉलर्सना घेतलं. आठाच्या आकाराची, कुलपातून सहज काढता-घालता येणारी ही सिलिंडरं शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं अशा ठिकाणी वापरतात. कारण किल्ली हरवली तर अख्खं कुलूप न बदलता आतला भाग तेवढा बदलता येतो. विक्रेत्यानं गावाचं नाव देऊन 'शाळेच्या नूतनीकरणातून निघालेली' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी दोन उघडली, नंतर आत काय आहे ते बघायला खोलली. मग तिसरं खोललं आणि थांबलो.

कारण असं. मोठ्या इमारतीत प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी असते, पण शिपायाकडे किंवा मुख्याध्यापकांकडे सगळ्या खोल्या उघडणारी एकच किल्ली असते, तिला मास्टर की म्हणतात. हे साधण्यासाठी भोकात दोनऐवजी तीन तुकडे घालतात, म्हणजे दांडा दोन वेगवेगळ्या उंचींवर फिरू शकतो. एक उंची त्या खोलीच्या किल्लीची, दुसरी मास्टरची. एक सिलिंडर खोललं तर कुठली उंची कुणाची ते कळत नाही. पण एकाच इमारतीची तीन-चार शेजारी शेजारी ठेवली तर सगळ्यांत समान काय आहे ते शाळकरी पोरालाही दिसेल. मास्टर की असलेल्या कुलपांत असा काही धोका असतो हे २००३ साली मॅट ब्लेझ या संगणकशास्त्रज्ञानं शोधनिबंध लिहून जाहीर केलं होतं, तेव्हा कुलूपवाले त्याच्यावर चांगलेच रागावले होते. मी तो निबंध वाचलेला होता. आता तो माझ्या टेबलावर प्रत्यक्ष मांडलेला होता.

सिलिंडरं माझी होती. पैसे मी मोजले होते, पावती होती. ती वापरात नव्हती. दोन्ही नियम तंतोतंत पाळलेले. आणि तरीही, त्या शाळेची जुनी बाजू पाडली असली तरी उरलेली इमारत त्याच किल्ल्यांवर चालत असेल, तर तिथल्या प्रत्येक वर्गाची किल्ली माझ्या बेसमेंटमध्ये होती. तिथं रोज सकाळी कुणाची तरी मुलं जात होती.

त्या रात्री मला आठवला तो शर्विलक. देवलांच्या 'मृच्छकटिक'मुळे मराठी प्रेक्षकाला तो परका नाही. शूद्रकाचा हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडायला येतो तेव्हा मापायची दोरी विसरलेला असतो, म्हणून जानव्यानंच माप घेतो. वर जानव्याचे उपयोग मोजतो. त्यात कडेकोट बंद केलेलं दार उघडणं हाही एक! भोक कुठल्या आकाराचं पाडावं यावर तो कलावंतासारखा विचार करतो. जाग आल्यावर चारुदत्तही त्या भोकाची कारागिरी बघून कौतुक करतो. आमच्या छंदातल्या माणसाला हा प्रवेश वाचताना गुदगुल्या होतात. कला ती कला, तिला दाद द्यायला चारुदत्तासारखा रसिक हवा!

पण पुढे काय होतं ते बघा. शर्विलक नेतो ते दागिने चारुदत्ताचे नसतातच. वसंतसेनेनं ठेव म्हणून विश्वासानं त्याच्याकडे ठेवलेले असतात. भिंत चारुदत्ताची फुटली, पण गेली ती दुसऱ्याची ठेव. म्हणूनच कारागिरीची तारीफ करणारा चारुदत्त ठेवीचं कळताच कोसळतो, आणि ती भरून द्यायला त्याची पत्नी धूता अंगावरची रत्नमाला काढून देते. शूद्रकानं नेमकी जागा दाखवली आहे. कौशल्याचा प्रश्न वेगळा, ठेवीचा वेगळा.

माझ्या खोक्यातही एक ठेव आली होती. पितळ माझं होतं. पण त्या पितळात जे लिहिलेलं होतं ते शाळेचं होतं. विक्रेत्याला ते विकण्याचा अधिकार नव्हता, कारण आपण ते विकतोय हेच त्याला ठाऊक नव्हतं. आणि जे त्यानं विकलंच नाही ते मी विकत घेतलं असं म्हणता येईल का?

इथं मला हॉब्जच्या उत्तरातली उणीव सापडल्यासारखं वाटलं. कुलपाबद्दलचं ज्ञान दोन जातींचं असतं. एक, अमुक प्रकारचं कुलूप कसं चालतं आणि कुठे कच्चं आहे, हे ज्ञान. ते जितक्या लोकांना कळेल तितकं बरं. कारखानदार सुधारतो, गिऱ्हाईक शहाणं होतं. दुसरं, अमुक गावातल्या अमुक दाराची किल्ली कशी आहे, हे गुपित. ते पसरल्यानं कुणीच शहाणं होत नाही, फक्त दार उघडं पडतं. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञानं १८८३ साली लष्करी सांकेतिक लिपीबद्दल हेच सांगितलं होतं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आम्ही संगणकवाले हे तत्त्व रोज जपतो. ज्ञान सर्वांचं, किल्ली एकाची. जुन्या कुलपाची पंचाईत ही की तुम्ही घेता ज्ञानासाठी, आणि त्याच पिनांमध्ये कुणाची तरी किल्लीही गुपचूप घरात येते.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण देतो. भारतात जाताना बॅगांना आपण जी टीएसएची कुलपं लावतो, ती तपासनिसांकडच्या मोजक्या मास्टर किल्ल्यांनी उघडतात. २०१४ साली त्या किल्ल्यांचा फोटो एका वर्तमानपत्रात छापून आला आणि २०१५ साली त्यावरून थ्री-डी प्रिंटरवर किल्ल्या करता येतील असे आराखडे लोकांनी मोकळे केले. हॉब्जचे वारस म्हणाले, बरं झालं, ही पद्धतच कच्ची होती हे लोकांना कळलं. खरं आहे. पण ज्यांच्या बॅगांना ती कुलपं आधीच लागलेली होती त्या लाखो लोकांच्या किल्ल्याही त्याच क्षणी वाटल्या गेल्या, हेही तितकंच खरं आहे. एकच कृती, दोन्ही जातींची.

मी काय केलं ते सांगतो, त्यात मोठेपणा काही नाही. पुढची सिलिंडरं खोलली नाहीत, किल्ली कापून बघितली नाही, आणि त्या शाळेच्या देखभाल विभागाला पत्र लिहिलं. सौ.चं मत होतं की लिहू नये. "आपल्यासारखा दिसणारा माणूस सांगतोय की तुमच्या शाळेची किल्ली माझ्याकडे आहे. त्यांना काय वाटेल?" तिचं म्हणणं अगदीच अनाठायी नव्हतं. या देशात बहुतेक राज्यांत कुलूप उघडायची हत्यारं नुसती जवळ बाळगणं हा गुन्हा नाही, वाईट हेतू असावा लागतो. पण व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत ती जवळ सापडणं हाच हेतूचा प्रथमदर्शनी पुरावा धरतात, उलट सिद्ध करणं मग तुमच्याकडे. आणि हेतू कुणाच्या चेहऱ्यावर लिहिलेला असतो, हा प्रश्न आपल्या लोकांना निराळा शिकवावा लागत नाही.

चार दिवसांनी फोन आला. पहिला प्रश्न, "तुम्ही ती उघडलीत का आणि कशाला?" दुसरा, "तुम्हाला ती कुणी दिली?" कुलपांबद्दल तिसऱ्या फोनपर्यंत कुणी विचारलं नाही. मला त्यावेळी फाइनमनची आठवण झाली. लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर असताना हा भौतिकशास्त्रज्ञ गंमत म्हणून सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडायचा. तिजोरीचं दार उघडं असताना तिच्या आकड्यांचा अंदाज घेता येतो, तेव्हा लोकांना दारं बंद ठेवायला सांगा, असं त्यानं एका कर्नलला दाखवून दिलं. कर्नलनं काय करावं? फाइनमन कुणाकुणाच्या खोलीत येऊन गेला याची चौकशी करून त्या लोकांना आकडे बदलायला लावले! धोका तिजोरीत नसून फाइनमनमध्ये आहे असा निष्कर्ष निघाला. १९८५ साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यानं हे हसत सांगितलंय. पण मला कर्नलबद्दलही थोडी सहानुभूती वाटते. त्याला तिजोऱ्यांपेक्षा माणूस बदलणं स्वस्त पडत होतं.

शाळेचं शेवटी ठीक झालं. तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्यानं समजून घेतलं. जुन्या किल्ल्या उरलेल्या इमारतीत चालू आहेत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बदलू, असं सांगितलं. बाराही सिलिंडरं मी रजिस्टर पोस्टानं परत पाठवली. पण त्याच विक्रेत्याची खोकी आमच्या ओळखीतल्या आणखी दोघांनी घेतलेली निघाली. एकानं लगेच सगळ्या पिना काढून एकत्र मिसळून टाकल्या. दुसरा म्हणाला, "पैसे मोजलेत, माझी वस्तू आहे. शाळेनं भंगारात काढताना विचार करायला हवा होता. मी चोर नाही, मग मला कसली भीती?" कायद्यानं त्याचं काही चुकत नव्हतं. तो चोर नाही हेही मला शंभर टक्के माहीत आहे. आमचं बोलणं त्यानंतर थंडावलं ते अजून तसंच आहे.

मी त्याच्याशी मनातल्या मनात अनेकदा वाद घातलाय. "मी चोर नाही" हे उत्तर स्वतःपुरतं पुरतं. पण ते खोकं पुढे फिरणार होतं. उद्या त्याच्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे. मी माझ्या सज्जनपणाची हमी देऊ शकतो, फार तर माझ्या मित्राच्या. खोकं जिथवर जाईल तिथवरची हमी कोण देणार? वाटून घेणं हा आमच्या छंदातला सगळ्यांत सुंदर भाग आहे, आणि नेमका तिथंच दुसऱ्याची ठेव हातोहात जाते. म्हणून मी स्वतःपुरता तिसरा नियम केला आहे. कुलूप पुढे देण्याआधी त्यातल्या पिना बदलायच्या आणि वर इमारतीचा शिक्का असेल तर घासून टाकायचा. पितळ द्यायचं, कोडं द्यायचं, कुणाची किल्ली द्यायची नाही. याला दहा मिनिटं लागतात.

आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांना, ज्यांचं आयुष्य बँकेत गेलं, हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा तू बुद्धिबळ का खेळत नाहीस? ज्या विद्येला इतकी राखण लागते ती शिकावीच कशाला? आणि मुलांपुढे तर मुळीच करू नये." आक्षेप वजनदार आहे. मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

मला पुण्यातला लहानपणीचा किल्लीवाला आठवतो. आमच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून वडील त्याला घेऊन आले. त्यानं आधी शेजारच्या काकूंना बोलवायला सांगितलं. "चार माणसं बघत असली म्हणजे बरं," म्हणाला. मग कोऱ्या किल्लीला मेणबत्तीची काजळी धरली, ती कुलपात घालून फिरवली, काजळी कुठे पुसली गेली ते बघितलं आणि तिथं कानस चालवली. असं पाच-सात वेळा. अर्ध्या तासात कपाट उघडलं. दार उघडल्याबरोबर तो पाठ फिरवून बसला, कपाटात काय आहे ते त्यानं बघितलं नाही. त्याला कुणी नीतिशास्त्र शिकवलं नव्हतं. कानस आणि ती पाठ फिरवणं, दोन्ही गोष्टी तो एकाच उस्तादाकडून शिकला असणार.

काकांना माझं उत्तर हेच. राखण लागत नाही अशी विद्या कुठली? डॉक्टरला विष माहीत असतं, बँकेतल्या माणसाला लोकांच्या ठेवी माहीत असतात, आम्हाला लोकांचे डेटाबेस दिसतात. आपल्या इथल्या मुलांपैकी निम्मी उद्या अशाच जागी बसणार आहेत जिथं दुसऱ्याची दारं त्यांना सहज उघडता येतील. तिथं त्यांना अडवायला कुलूप नसेल, कारण कुलपं त्यांनीच केलेली असतील. उघडता येणं आणि न उघडणं यातलं अंतर त्यांनी कुठे शिकावं? मला वाटतं, लहानपणी, घरी, पाच डॉलरच्या जुन्या कुलपावर, आईवडिलांच्या देखत शिकलेलं बरं. ज्याला उघडताच येत नाही त्यानं उघडलं नाही, यात पुण्य ते कसलं?

शिंगणापूरला परंपरेनं घरांना दारं-कुलपं नाहीत, आणि २०११ साली युको बँकेची तिथली शाखा कुलपाविना उघडली म्हणून गाजली. आपण त्याकडे शनिदेवाचा धाक म्हणून बघतो. असेलही. पण आपल्या घराचं कुलूपसुद्धा मोठ्या प्रमाणात तसंच चालतं, हे शंभर कुलपं उघडल्यावर मला कळलंय. दाराला लावलेलं पितळ काही मिनिटांचं काम असतं. रात्रभर घर राखतात ती आजूबाजूची माणसं, ज्यांना उघडता आलं असतं आणि ज्यांनी उघडलं नाही.

काकांच्या आक्षेपातला एक भाग मात्र शिल्लक राहतो, आणि तो मी लपवणार नाही. दहा मुलांना शिकवलं तर त्यातला एखादा वाकड्या वाटेनं जाईल का? जाऊ शकतो. हॉब्जकडेही याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. म्हणून मी ओळख झाल्याशिवाय कुणाला शिकवत नाही, आणि मुलांना त्यांच्या आईवडिलांशिवाय तर नाहीच.

जाता जाता घरोघरच्या उपयोगाची एक गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पुढचं, मागचं आणि गराजचं दार एकाच किल्लीनं उघडतं. त्यातलं एखादं कुलूप बदलून जुनं गराज सेलमध्ये ठेवलं, भंगारात टाकलं किंवा ऑनलाइन विकलं, तर उरलेल्या दारांची किल्ली त्याच्या पोटात तशीच जाते, सोबत किल्ली दिली नाही तरी. किल्ल्यांचे फोटोही असेच बोलके असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो इथल्या संशोधकांनी २००८ साली दुरून काढलेल्या फोटोंवरून किल्ल्या करून दाखवल्या होत्या. तेव्हा नवीन घराच्या किल्ल्यांचा आनंद जरूर वाटा, पण किल्ली मुठीत झाकून. आणि जुनी कुलपं टाकायची असतील तर मला फोन करा. तुमच्यासमोर बसून पिना काढून देईन. शेजारच्या काकूही येऊन बसल्या तर उत्तमच.